सीएनसी राउटरवर अ‍ॅक्रिलिकची अक्षरं मापात कापणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. चार बाय आठ फुटांचा एक राउटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, शीट कापणारं संगणकावर चालणारं मशीन), एक जुना लेझर आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या शीट. पेंटर मंडळी, फ्लेक्सवाले, इंटिरियरवाले, आणि हल्ली घरीच छोटं मशीन घेऊन बसलेली पोरं, असे सगळे फोन करतात. निम्म्याहून जास्त फोन फिरून एकाच तक्रारीवर येतात: अक्षर मापात आलं नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मशीनला दोष देण्याआधी हे वाचा. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा चूक मशीनची नसते, ती आधीच कुठेतरी होऊन बसलेली असते.

"सहा इंची अक्षर" म्हणजे कुठून कुठपर्यंत सहा इंच?

हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही. मीच विचारतो, आणि ऑर्डर घेताना पहिला हाच.

इंग्रजी कॅपिटल अक्षरांचं सोपं असतं. वरची कड ते खालची कड, संपलं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतो आणि खाली उकार, ऋकार, कधी पाय मोडलेलं जोडाक्षर. "कमल" आणि "मूर्ती" हे दोन शब्द एकाच फाँटमध्ये, एकाच साइझला टाइप करून बघा. "कमल" शिरोरेषेतच थांबतो, "मूर्ती" वर रफार-वेलांटी आणि खाली दीर्घ ऊकार घेऊन जवळपास पाऊणपट वाढतो. आता गिऱ्हाईक "सहा इंच" म्हणतं तेव्हा यातलं कुठलं?

मी यात एकदा चांगला पोळलोय. बारा इंची अक्षरांची ऑर्डर होती. नावात वेलांटी, रफार, उकार सगळंच. मी पूर्ण उंची बारा इंच धरली आणि कापून दिलं. पाटी लागल्यावर मालकांचा फोन: "शेजारच्या इंग्रजी नावापेक्षा आमचं नाव बारीक दिसतंय." बघायला गेलो. शिरोरेषा ते पायथा मोजलं तर जेमतेम पावणेआठ इंच. त्यांचं बरोबर होतं. शीट माझी गेली, रात्रही माझी गेली.

तेव्हापासून आमच्याकडे एकच रीत: माप म्हणजे शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायथ्यापर्यंत. काना जिथे संपतो तो पायथा. वरखालचं जे काही असेल ते त्याच्या बाहेर. ऑर्डरच्या कागदावर एक "क" काढून दोन रेघा मारतो आणि गिऱ्हाइकाची सही घेतो. बोर्डाची एकूण उंची मर्यादित असेल, एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थरांच्या पॅनेलची) पट्टी आधीच बसलेली असेल, तर पूर्ण उंची वेगळी लिहितो. दोन्ही आकडे कागदावर असले की भांडण होत नाही.

मराठी पाटीच्या कायद्यात मापाबद्दल काय आहे?

महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना अधिनियमात (२०१७ चा) २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत हवा, मराठी आधी हवं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही ते लागू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या मशीन दिवस-रात्र चालल्या.

"लहान नको" हे मोजायचं कसं, यावर मी सुरक्षित बाजू धरतो. शिरोरेषा ते पायथा हे माप इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकं किंवा थोडं जास्त. वेलांटीची उंची त्यात धरून हिशेब जुळवायचा नाही. टेप घेऊन कुणी आलं तरी मग चिंता नसते.

टाइप करून फाइल पाठवली तर चालेल का?

नाही. तुमच्याकडचा फाँट माझ्याकडे नसला तर दुसराच उघडतो, आणि जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर समोर नुसती कचराकुंडी दिसते. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, बदलून पाठवा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू.

पण देवनागरीत तेवढ्याने भागत नाही. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून फाँट बनवणारे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवून ठेवतात. पडद्यावर काळ्यात काळं, काही कळत नाही. राउटरला मात्र तिथे दोन बंद आकार एकमेकांवर दिसतात आणि तो दोन्हीच्या कडा कापतो. शिरोरेषेच्या मधोमध आरपार चीर जाते. वेलांटीचा पाय, रकाराची तिरकी रेघ, मात्रा जिथे शिरोरेषेला भेटते ती जागा, सगळीकडे हाच प्रकार. म्हणून सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, आणि मग वायरफ्रेममध्ये (रंग काढून नुसत्या रेघांत) बघा. आत एकही आडवी-तिडवी रेघ दिसता कामा नये.

जाता जाता: ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे येतात. ते चूक नाहीत, पण पाटी लागल्यावर एखादे मास्तर हमखास येऊन दुकानदाराला ऐकवतात, आणि दुकानदार मला.

फाइलमध्ये १५० मिमी आहे, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ११२.५ दिसतं. असं का?

फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना एकक हरवतं. काही सॉफ्टवेअर एका इंचात ७२ ठिपके धरतात, काही ९६. ७२ भागिले ९६ म्हणजे पाऊण, आणि १५० चं पाऊण ११२.५. डीएक्सएफ प्रकारच्या फाइलमध्ये इंच-मिलिमीटरचा घोळ झाला तर अक्षर २५.४ पट मोठं किंवा लहान येतं. ते निदान लगेच दिसतं. पाऊणपटाची चूक मात्र घाईत सुटते.

उपाय साधा आहे. अक्षरांशेजारी १०० बाय १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा. समोरच्याने फाइल उघडल्यावर तो चौकोन १०० भरला तर बाकी सगळं बरोबर. कापायच्या आधी चौकोन पुसायचा.

पॉइंट साइझवर तर विसंबूच नका. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, पण तो इंच फाँटच्या पूर्ण चौकटीचा. आतलं अक्षर किती भरेल ते फाँटवर ठरतं. टाइप करा, कर्व्ह करा, मग शिरोरेषा ते पायथा मोजून स्केल करा.

फाइल बरोबर आहे, तरी अक्षर किंचित मोठं येतं आणि आतलं भोक लहान. काय बिघडलं?

बिट. बहुधा फक्त बिट.

राउटर रेघेवरून चालत नाही. बाहेरची कड कापताना तो बिटच्या निम्म्या व्यासाइतका रेघेबाहेरून फिरतो आणि आतलं भोक कापताना तितकाच आतून. किती अंतर ठेवायचं ते सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलेल्या व्यासावरून कळतं. आपल्याकडचं नेहमीचं बिट म्हणजे सुतारांच्या भाषेत एक सूत, एक अष्टमांश इंच, ३.१७५ मिमी. तुम्ही ३.१७५ टाकलं आणि बिट झिजून किंवा धार लावून ३.१० झालेलं असेल, तर प्रत्येक कडेला ०.०३७५ मिमी माल जास्त उरतो. अक्षर दोन्ही कडा मिळून ०.०७५ ने मोठं, भोक तितकंच लहान. याउलट कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, चुरा अडकला असेल तर बिट लंगडत फिरतं, स्वतःच्या व्यासापेक्षा रुंद खाच पाडतं आणि अक्षर लहान येतं.

म्हणून व्यास व्हर्नियरने मोजून टाकणंही पुरेसं नाही. एका पात्याचं बिट व्हर्नियरमध्ये नीट पकडताच येत नाही. मी तुकडा कापून बघतो. त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यात ५० मिमीचा एक चौकोन बाहेरून कापायचा आणि ५० मिमीचं एक चौकोनी भोक आतून. ज्या वेगाने, ज्या खोलीने खरं काम करणार त्यानेच. मग दहा मिनिटं थांबायचं. नुकतं कापलेलं प्लास्टिक गरम असतं आणि गरम असताना मोठं मोजलं जातं. कडेवरचा बर (उरलेली खरखरीत कंगोरी) पात्याने काढायचा, नाहीतर तुम्ही बर मोजाल.

समजा बाहेरचा चौकोन ५०.०८ आला आणि भोक ४९.९२. म्हणजे बिट कागदावरच्या व्यासापेक्षा ०.०८ ने कमी कापतंय. सॉफ्टवेअरमध्ये ३.१७५ ऐवजी ३.०९५ टाका आणि पुन्हा कापा. बिटचा व्यास कारखान्याने काय छापलाय यापेक्षा ते तुमच्या मशीनवर, तुमच्या मालात किती रुंद खाच पाडतं हाच त्याचा खरा व्यास. आमच्याकडे प्रत्येक बिटच्या डबीवर पेनाने तो आकडा आणि तारीख लिहिलेली असते.

आणि मशीनच चुकतंय हे कसं ओळखायचं?

त्याच दोन तुकड्यांवरून. बाहेरचं मोठं आणि आतलं लहान (किंवा उलटं) असेल तर बिट. बाहेरचं आणि आतलं दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही मोठी किंवा दोन्ही लहान असतील, तर मशीनचे स्टेप (एक मिलिमीटर सरकायला मोटर किती पावलं टाकते तो आकडा) चुकलेत. एक्समध्ये बरोबर आणि वायमध्ये चूक असेल तर त्या एका अक्षाचं काहीतरी ढिलं आहे.

स्टेप तपासायला ५० मिमीचा तुकडा फार लहान. मशीनला १००० मिमी जायला सांगा आणि चांगल्या स्टीलच्या पट्टीने मोजा. ९९८.६ भरलं तर जुन्या स्टेपला १००० ने गुणा, ९९८.६ ने भागा. १६० असतील तर १६०.२२ होतील. कापडी टेपने हे करू नका, हसू नका, लोक करतात.

काटकोन गुण्याने तपासता येतो, पण कर्णाने जास्त नेमका कळतो. ६०० मिमीच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ८४८.५ यायला हवेत. कर्णांत १.४ मिमीचा फरक म्हणजे ६०० वर एक मिलिमीटर कलणं. इंग्रजी अक्षरात हे खपून जातं. देवनागरीत सरळ शिरोरेषा आणि उभा काना शेजारीशेजारी असतात, डोळ्याला काटकोन बिघडलेला लगेच कळतो.

घड्याळाच्या दिशेने कापू की उलट?

दोन्हीने अक्षर सुटतं, पण माप वेगळं येतं. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि पूर्ण खाचेत कापताना बिट जाण्याच्या दिशेच्या डावीकडे किंचित झुकतं. अक्षराभोवती घड्याळाच्या दिशेने गेलात तर अक्षर उजवीकडे राहतं, बिट त्याच्यापासून लांब झुकतं, अक्षर केसभर मोठं. उलट गेलात तर बिट अक्षरात शिरतं, अक्षर लहान.

माझी पद्धत: पहिल्या फेरीत ०.२ ते ०.३ मिमी माल शिल्लक ठेवून कापायचं आणि शेवटची फेरी पूर्ण खोलीत एकदाच, हलकी. तेवढ्याशा मालाला बिट झुकत नाही, माप बसतं आणि कडेवर पायऱ्या दिसत नाहीत. वेळ वाढतो हे खरं. फोमशीटच्या पाटीसाठी मी हे करत नाही. एका रंगात दुसऱ्या रंगाचं अक्षर बसवायचं असेल तेव्हा याशिवाय करत नाही.

बिट कोलेटबाहेर किती काढता तेही बघा. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला बिट आठपट झुकतं. पाच मिलिमीटरच्या शीटला पन्नास मिलिमीटर बिट लोंबत ठेवणारे ऑपरेटर मी पाहिलेत. मग वरची कड आणि खालची कड वेगळ्या मापाची येते आणि दोष शीटला.

कड वितळते, चुरा मागे परत चिकटतो. स्पिंडल हळू करू का?

हो, पण त्याआधी फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, वाढवा. घाबरून हळू चालवणं हेच वितळण्याचं मोठं कारण. बिट एकाच जागी घासत राहिलं की कापत नाही, तापवतं. उष्णता चुऱ्याबरोबर बाहेर जायला हवी आणि त्यासाठी चुरा जाड हवा.

हिशेब असा: आरपीएम गुणिले पाती गुणिले प्रत्येक पात्याने घ्यायचा माल. एक सुताच्या, एका पात्याच्या बिटला १८,००० आरपीएमवर ०.१ मिमी धरला तर मिनिटाला १८०० मिमी. दोन पात्यांचं लाकडाचं बिट लावलंत तर त्याच वेगाला प्रत्येक पात्याच्या वाट्याचा माल अर्धा होतो, म्हणून प्लास्टिकला एकाच पात्याचं, आतून गोल खोलगट असलेलं, चकचकीत बिट घ्या.

आकड्यांपेक्षा चुरा बघा. खोबऱ्याच्या किसासारखा सुटा पडत असेल तर उत्तम. रांगोळीसारखं पीठ होत असेल तर फीड कमी आहे. शेवयांसारखे धागे निघून बिटभोवती गुंडाळत असतील तर लगेच थांबवा.

एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. छोट्या अक्षरांत मशीन १८०० गाठतच नाही. "क्ष"च्या वळणांवर ते सारखं वेग कमी करतं, स्पिंडल मात्र तसाच फिरत राहतो. म्हणून मोठ्या अक्षराला छान चाललेला आकडा दोन इंची अक्षराला वितळवतो. तिथे आरपीएम १२,००० पर्यंत उतरवा. कॉम्प्रेसरची हवा खाचेत सतत हवीच. तेल, साबणपाणी नको.

आतले कोपरे गोल येतात आणि "म"च्या गाठीतलं भोक बुजतं. का?

गोल बिटने आतला कोपरा टोकदार होणार नाही. तीन मिलिमीटरच्या बिटने दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. काना शिरोरेषेला भेटतो तिथे ती दिसते. मोठ्या अक्षरात कुणाच्या लक्षात येत नाही, लहानात मोठ्या बिटने कापून मग फक्त कोपऱ्यांत दीड-दोन मिलिमीटरचं बिट फिरवायचं.

भोक बुजणं मात्र फसवं आहे. म, भ, झ यांच्या गाठीतली पोकळी बिटपेक्षा अरुंद असेल तर सॉफ्टवेअर ती गुपचूप सोडून देतं. ना इशारा, ना लाल रेघ. अक्षर कापून हातात येतं तेव्हा गाठ भरलेली. टूलपाथचा (बिट फिरणार त्या मार्गाचा) प्रिव्ह्यू बघताना आधी गाठी मोजायच्या, ही सवय लावून घ्या. बारीक अक्षराला मुळात मोकळ्या पोटाचा फाँट निवडणं सगळ्यात स्वस्त.

कास्ट शीट घेऊ की एक्सट्रुडेड?

राउटरला कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली. एक्सट्रुडेड (साच्यातून दाबून काढलेली) लवकर मऊ पडते आणि बिटला चिकटते.

पण कास्टची जाडी एकसारखी नसते, कारण ती दोन काचांमध्ये ओतून बनते. आंतरराष्ट्रीय मानकातच जाडीच्या दहा टक्के अधिक ०.४ मिमी इतकी सूट आहे. म्हणजे ३ मिमीची शीट २.३ ते ३.७ पर्यंत कुठेही असू शकते आणि दुकानदार खोटं बोलत नसतो. बाजारात बहुतेक वेळा बारीकच मिळते, का ते तुम्हीच ओळखा. आरपार कापायला फरक पडत नाही, खोलीचा झीरो टेबलवर घ्या आणि शीटखालच्या एमडीएफच्या फळीत ०.२ मिमी उतरा. अर्ध्या जाडीची खाच काढून त्यात अक्षर बसवायचं असेल तर मात्र चारही कोपरे मायक्रोमीटरने मोजा. लांबी-रुंदीत मापात आणि जाडीत उंच-सखल, असं अक्षर बोटाला लागतं.

हे सगळं लेझरवर होत नाही का?

होतं, आणि पातळ अ‍ॅक्रिलिकला कड काचेसारखी येते. कोपरेही टोकदार. आम्हीही दोन इंचांखालची अक्षरं लेझरवरच टाकतो. पण जाड शीटला लेझरची कड किंचित उतरती येते आणि कडेत ताण राहतो, त्याचं पुढे लिहिलंय. सनबोर्ड, फोमशीट म्हणजे पीव्हीसी. ते लेझरखाली कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर छातीत जातो आणि मशीनचे रूळ गंजवतो. पीव्हीसी फक्त राउटरवर.

शेवटच्या फेरीत अक्षर सुटून उडतं. धरून कसं ठेवायचं?

व्हॅक्यूम टेबल मोठ्या अक्षराला पुरतं, लहानाला नाही. एकतर टॅब (न कापलेले छोटे जोड) सोडा, नाहीतर तळाला ०.३ मिमी पापुद्रा ठेवून नंतर पात्याने काढा. मला आवडते ती पद्धत म्हणजे एमडीएफवर मास्किंग टेप, शीटच्या खाली मास्किंग टेप, मध्ये फेव्हिक्विकच्या रेघा. हलत नाही, कापून झाल्यावर टेप सोलून काढता येतो. बिट वर ओढणारं असेल तर शीट उचलली जाते, तिथे हीच पद्धत वाचवते. अक्षर हललं की माप गेलंच, वर बिट तुटतं. चष्मा घाला. तीन मिलिमीटरचं तुटलेलं बिट कुठे जातं ते दिसत नाही.

डिसेंबरात बसवलेली अक्षरं मे महिन्यात कमान होऊन उचकटली. माल खराब होता का?

नाही, गरमी. अ‍ॅक्रिलिक एका मीटरला एका अंशामागे साधारण ०.०७ मिमी वाढतं, अ‍ॅल्युमिनियम ०.०२३. दीड मीटरचा अखंड शब्द एसीपीवर घट्ट चिकटवला आणि थंडीच्या सकाळपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत २५ अंशांचा फरक पडला, तर अक्षर २.६ मिमी वाढतं आणि मागचं अ‍ॅल्युमिनियम ०.९. अर्ध्या सुताहून जास्त फरक जाणार कुठे? एकतर चिकटा सुटतो, नाहीतर अक्षर कमानीसारखं वर येतं. काळ्या रंगाचं अक्षर उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, तिथे हिशेब आणखी वाढवा.

म्हणून लांब शब्द एका तुकड्यात कापायचा मोह टाळा. शिरोरेषा अखंड दिसते, देखणी दिसते, मान्य. मी प्रत्येक अक्षर त्याच्या वाट्याच्या शिरोरेषेसह वेगळं कापतो आणि मध्ये दोन मिलिमीटर फट ठेवतो. रस्त्यावरून ती फट दिसत नाही. शीटही कमी लागते. फट मात्र फाइलमध्येच ठेवायची, बसवताना अंदाजाने नाही. आणि स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा.

एलईडी अक्षराचा दुधी चेहरा बाजूच्या पट्टीत बसत नाही. किती फट ठेवू?

चेहरा (पुढची शीट) आणि बाजूची पट्टी यांच्यात चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर, दोन फुटांपेक्षा मोठ्या अक्षराला एक मिलिमीटर. पट्टी हाताने वाकवलेली असेल तर ती फाइलप्रमाणे वळलेलीच नसते. आधी पट्टी वळवा, मग ती कागदावर ठेवून रेघ मारा आणि चेहऱ्याची फाइल त्यावरून तपासा. राउटरने ०.०५ मध्ये कापलेला चेहरा आणि दोन मिलिमीटर भरकटलेली पट्टी, यात चेहऱ्याला दोष देणारे पुष्कळ.

चिकटवल्यावर कडेला केसासारखे बारीक तडे आले.

कडेत ताण होता आणि त्यावर सॉल्व्हंट लागलं. लेझरने कापलेली, ज्योत मारून चकाकवलेली किंवा बोथट बिटने तापवलेली कड यात पहिली बळी पडते. क्लोरोफॉर्म लावलं, थिनरने पुसलं की काही मिनिटांत तडे दिसतात. आधी चिकटवा, मग चकाकवा. पुसायला साबणपाणी. महागाचं काम असेल तर कापलेले तुकडे ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवून हळूहळू थंड करतात, पण ते भट्टी असलेल्यांचं काम. क्लोरोफॉर्म बंद खोलीत वापरू नका, तो यकृताला बाधतो.

अक्षरं मापात आहेत, पण भिंतीवर ओळ वाकडी दिसते.

एक-एक अक्षर मोजून लावत गेलं की प्रत्येक वेळी अर्धा-एक मिलिमीटर सरकतो आणि दहाव्या अक्षरापर्यंत बोटभर फरक पडतो. ज्या फाइलवरून अक्षरं कापली त्याच फाइलची एकास-एक कागदी प्रिंट काढा, पूर्ण शब्दाची. भिंतीवर शिरोरेषेला लेव्हल लावून ती चिकटवा आणि त्यावरूनच भोकं पाडा. इंग्रजी अक्षरं पायथ्याच्या ओळीवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. म्हणून लेव्हल वर धरायची. पेंटर लोकांना हे सांगावं लागत नाही, ते आधी वरचीच दोरी मारतात.

जोडाक्षराचे पैसे एका अक्षराचे की दोन?

आम्ही अक्षरावर पैसे लावणं सोडून दिलं. "स्त्री" एक अक्षर की तीन यावर एका गिऱ्हाइकाशी अर्धा तास व्याकरण झालं होतं. आता किती मीटर कड कापली आणि किती शीट गेली यावर हिशेब. मीटर सॉफ्टवेअरच दाखवतं.

अनुस्वाराचे पैसे घेत नाही. ठिपके सुटे असतात, कापून झाले की चुऱ्याच्या पाइपातून जातात आणि बॅगेत किसात हात घालून शोधावे लागतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरला मी दोन-चार ठिपके जास्तीचे कापतो, बसवणाऱ्याच्या हाती छोट्या पिशवीत देतो आणि पिशवीवर लिहितो: अनुस्वार, टाकू नये.